अमोनियाच्या खोलीतली बीजल

बीजल पंचोली आमच्या ऑफिसात आली तेव्हा तिच्या ओढणीवर कायम शाईचे डाग असायचे. जेतपूरची मुलगी. वडील एसटीत कंडक्टर, आई घरी साड्यांना फॉल लावून द्यायची. अहमदाबादला आर्किटेक्चर शिकून ती थेट अनंगभाई मजमुदारांकडे नोकरीला लागली, याचं जेतपुरात इतकं कौतुक झालं की तिच्या वडिलांनी डेपोत पेढे वाटले होते म्हणे.

मी तिथे तिच्या आधीपासून होते. मी मूळची बडोद्याची, लग्न होऊन अहमदाबादला पालडीत आले. महापालिकेतून नकाशे मंजूर करून आणायचं काम माझ्याकडे होतं. कुठल्या टेबलावर कोण बसतो, कोणाला जेवणाआधी गाठायचं, कोणाला जेवणानंतर, हे मला ठाऊक. सगळे मला वासंतीबेन म्हणत.

अनंगभाईंचं नाव झालं होतं ते एका गोष्टीमुळे. घर बांधायचंय म्हणून माणूस आला की ते त्याला समोर बसवत, बोलू देत, आणि तो बोलत असताना पिवळ्या बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने त्याचं घर काढत. पट्टी नाही, मोजमाप नाही. रेघा कोपऱ्यात एकमेकींना ओलांडून पुढे जात, जिन्यापाशी थोड्या दाट होत, झाडापाशी सैल सुटत. त्या माणसाचं बोलणं संपायच्या आत त्याचं घर समोर असे. आणि तो गप्प होई. पुढे त्या घराचे दहा नकाशे होत, भिंती इकडच्या तिकडे जात, पण लोक तो पहिला कागदच चौकट करून दिवाणखान्यात लावत. कामं त्या कागदावर मिळत.

चहा बशीत ओतून प्यायची त्यांची जुनी सवय. एकदा ते कपानेच प्यायला लागले. मग कप अर्धाच भरायला सांगू लागले. मग चहा सोडला म्हणाले. माझ्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं, म्हणून माझ्या लक्षात आलं. त्यांनी माझी नजर पाहिली आणि दार लावून घेऊन म्हणाले, "वासंतीबेन, हात थरथरतोय. डॉक्टर म्हणतात, थांबणारं नाही. हे बाहेर गेलं तर उद्यापासून इथे कोणी येणार नाही."

त्या सुमाराला त्यांनी ती पाटी घेतली. टॅबलेटच, पण ते पाटी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. काचेवर पेन चालवायचं, रेघ उमटायची. तिच्यात थरथर सावरून घेण्याची एक सोय होती. हात कितीही हलला तरी रेघ जरा मागून, गुळगुळीत होऊन यायची. अनंगभाईंना आधी फार आनंद झाला. त्यांनी एक बंगला काढला, सगळ्यांना बोलावून दाखवला. कोणी काही बोलेना. रेघा होत्या सरळ, सुंदर, आणि मेलेल्या. नळातून पाणी पडावं तशा.

"बोला ना," ते म्हणाले.

बीजल तेव्हा नवीनच होती. ती म्हणाली, "अनंगभाई, यात तुम्ही नाही आहात."

बाकीच्यांनी खाली पाहिलं. मला वाटलं, गेली ही पोरगी. पण ते तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग मला आत घाल."

तिने ते शब्दशः घेतलं. जुने बटर पेपर काढून तिने त्यांच्या पेन्सिलीचा कण अन् कण तपासला. पाटीत स्वतःची पेन्सिल बनवता येते, तिचा खरखरीतपणा, दाब दिल्यावर किती काळी व्हायची, तिरकी धरली की किती पसरायची, सगळं ठरवता येतं. बीजलने अनंगभाईंची पेन्सिल बनवली. पण पेन्सिल बनली तरी हात कोणाचा? त्यांच्या हातात ती थरथरलीच. मग ती नीट चालते की नाही हे दाखवायला बीजलने स्वतः चार रेघा ओढल्या. एक ओसरी, एक झाड, दोन पायऱ्या.

अनंगभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पाटी दोन्ही हातांनी उचलून ते खिडकीपाशी गेले आणि आम्हा दोघींकडे पाठ करून उभे राहिले. 

सुरुवातीला ते बोलत आणि ती काढत असे. "उजवीकडे उतार दे. नाही, इतका नाही. हां. आता तिथे सावली पड म्हण." तिला ते आवडायचं. एवढ्या मोठ्या माणसाच्या डोक्यात काय चालतं ते रोज बघायला मिळत होतं. कागद बाहेर जाताना कोपऱ्यात त्यांची सही असायची, 'अ. म.' ती सहीही तीच करायची. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. ऑफिस त्यांचं, नाव त्यांचं.

अडचण अशी की लोकांना ते काढताना बघायचं असे. कागद घरी पाठवून भागत नव्हतं. एक कापड गिरणीवाले तर तोंडावर म्हणाले, "अनंगभाई, आम्ही चित्र विकत घ्यायला नाही आलो. आमच्यासमोर काढा."

मग ती व्यवस्था झाली. बैठकीच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती. पूर्वी तिथे अमोनियाचे निळे प्रिंट निघायचे. यंत्र भंगारात गेलं, पण भिंतींनी वास धरून ठेवलेला. खिडकी नव्हती, झरोका होता तो पुठ्ठा लावून बंद केलेला. तिथे बीजल बसायची. तिची पाटी बैठकीतल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडलेली. टेबलावर अनंगभाईंचा फोन चालू ठेवलेला, त्यातून तिला बाहेरचं बोलणं हेडफोनमध्ये ऐकू यायचं. अनंगभाई आपली पाटी मांडीवर घेऊन बसत. ती बंद असे, नुसती काळी काच. तिच्यावर ते पेन फिरवत आणि रेघ भिंतीवर उमटे.

"चित्र इथे नाही दिसत, भिंतीवर बघा," ते सांगत. लोक भिंतीकडेच बघत. मांडीवरच्या हाताकडे कोण बघतो?

हे तिघांना माहीत होतं. अनंगभाई, बीजल आणि मी. नंतर सुहासिनीबेनना कळलं, त्यांच्या पत्नीला. बाकी ऑफिसला वाटायचं, बीजल आत पडद्याची तांत्रिक बाजू बघते.

बैठक लांबली की ती आत अडकून पडायची. शिंकायचं नाही, खोकायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही. उन्हाळ्यात पंखा लावता येत नसे, आवाज जायचा. बैठक संपून लोक जिना उतरले की मी दार उघडायचे. ती घामाने चिंब, डोळे वासाने लाल. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं. "आवडलं त्यांना?"

आवडायचंच. पुढेपुढे अनंगभाई सांगायचेही कमी झाले. समोरचा बोले, बीजल ऐके, आणि काढे. ते नुसते हुंकार भरत. कधीकधी मला वाटायचं, भिंतीवर काय येणार याची उत्सुकता गिऱ्हाइकापेक्षा त्यांनाच जास्त आहे. एक दवाखाना झाला, एक शाळा झाली, दोन बंगले झाले. लोक म्हणू लागले, उतारवयात अनंगभाईंचा हात काय सुटलाय!

तिचे वडील एकदा कामानिमित्त अहमदाबादला आले, तेव्हा ती त्यांना ती शाळा दाखवायला घेऊन गेली. मीही होते, मंजुरीचा एक कागद तिथेच द्यायचा होता. वडील खाकी शर्टातच आलेले. सगळी शाळा हिंडले. जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला. मग दाराशेजारच्या दगडी पाटीपाशी उभे राहिले आणि वाचत राहिले.

"यात तुझं नाव कुठेय, बेटा?"

"पप्पा, असं नसतं. ऑफिसचं नाव असतं."

"अच्छा." ते थोडं थांबले. "आमच्या तिकिटावरसुद्धा कंडक्टरचा नंबर असतो."

ती हसली, पण रिक्षात बसल्यावर अख्खा रस्ता ओढणीचं टोक पिळत होती.

त्यानंतर तिने बडोद्याला एका मोठ्या ऑफिसात अर्ज केला. मला सांगून गेली. तिथे दाखवायला तिच्याजवळ काय होतं? दारं-खिडक्यांचे तपशील, संडास-न्हाणीघराचे नकाशे, जे नावावर होते तेवढे. बाकी काही दाखवायची सोय नव्हती. त्या लोकांनी चांगुलपणाने तिच्यासमोर कागद-पेन्सिल ठेवली. म्हणाले, एखादं छोटं वाचनालय काढा, काहीही, मनाला येईल तसं.

तिने काढलं. तिघेजण वाकून बघत होते. त्यातला वडीलधारा हसला आणि म्हणाला, "मजमुदारांकडून येणारे सगळे असेच. त्यांच्या रेघेची नक्कल. छान आहे, हुबेहूब आहे. पण बेन, तुमचं स्वतःचं काय?"

ती संध्याकाळच्या बसने परत आली आणि सरळ माझ्या घरी आली. मी भाकरी थापत होते. ओट्यापाशी उभी राहून तिने सगळं सांगितलं.

"वासंतीबेन, चोरी झालीय हे त्यांनी बरोबर ओळखलं. फक्त चोर चुकीचा धरला."

"तू सांगायचंस ना!"

"काय सांगू? की त्यांची नक्कल मी करत नाही, गेली कितीतरी वर्षं तेच माझी करतायत? कोण विश्वास ठेवेल? आणि विश्वास ठेवला तर अनंगभाईंचं काय होईल?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. 

"त्याहून वाईट सांगू?" ती म्हणाली. "ते म्हणाले ते खरंच आहे. मी घरी दुसरी पेन्सिल घेऊन बघितलं. कोळसा, ब्रश, बॉलपेन. काय पण घ्या, हात तिथेच जातो. माझ्याजवळ माझी रेघच नाही."

ती जेवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी परत त्या खोलीत बसली.

मग कंकुबेन आल्या. कंकुबेन भानुशाली, कच्छमधल्या मांडवीच्या. सासरची गलबतं होती, नवरा गेल्यावर त्यांनी ती विकली आणि एक संस्था काढली. किनाऱ्यावरच्या गावांतल्या मुलींना मांडवीत राहून शिकता यावं म्हणून वसतिगृह बांधायचं होतं. ठेंगणी, काळी, हातात जाड चांदीची कडी, आणि आवाज असा की खाली रस्त्यावरचा पानवाला वर बघेल. आल्या आल्याच म्हणाल्या, "जिना किती उंच बांधलाय हो तुम्ही! स्वतःचा असा, तर आमचा कसा बांधाल?"

अनंगभाईंनी हसून त्यांना बसवलं. मी जागेच्या मंजुरीचं लिहून घ्यायला कोपऱ्यात होते.

काम नेहमीसारखं सुरू झालं. कंकुबेन बोलत होत्या, भिंतीवर वसतिगृह येत होतं. चौक, भोवती खोल्या, एका अंगाला स्वयंपाकघर. नेटकं, चौकोनी, अनंगभाईंचं. त्यांची एकही भिंत कधी तिरकी गेली नाही.

कंकुबेननी मान वाकडी करून बघितलं. "हे सगळं बरंय. पण पोरींनी बसायचं कुठे?"

"चौकात," अनंगभाई म्हणाले.

"चौकात वॉर्डन बसेल. मी पोरींचं विचारतेय. दिवसभर वर्गात आत, जेवायला आत, झोपायला आत. गावाकडे त्यांना समुद्र दिसायचा. गच्चीत उभ्या राहिल्या तर रस्त्यावरची पोरं शिट्ट्या मारतील आणि दुसऱ्या दिवशी बाप येऊन घेऊन जाईल. मला अशी जागा पाहिजे, जिथून त्यांना सगळं दिसेल आणि त्या कोणाला दिसणार नाहीत."

"कुठे म्हणता?"

"द्या इकडे, दाखवते." आणि अनंगभाईंना कळायच्या आत त्यांनी हातातलं पेन काढून घेतलं, त्यांच्या मांडीवरच्या काळ्या काचेवर वाकल्या आणि काहीतरी काढलं. "हे बघा. इथे."

भिंतीवर काहीच आलं नाही.

 आत बसलेल्या बीजलला ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. 'इथे' म्हणजे कुठे, हे तिला कसं कळणार?

"आलं नाही वाटतं," कंकुबेन म्हणाल्या.

अनंगभाई खाकरले. ती खूण होती, काहीतरी काढ. तरी भिंत तशीच. मला वाटलं, संपलं. आता या उठतील, काच हातात घेऊन बघतील, विचारतील.

आणि रेघ आली. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपासून निघाली, ती तिरकी. चौकोनातून सरळ बाहेर पडली. मागे एक लांबलचक बुटका ओटा आला, त्याच्यापुढे छातीएवढी भिंत, तिला बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत एक आडवी फट. ओट्याच्या टोकाला बाहेरच्या बाहेर गच्चीवर जाणारा जिना, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला लपलेला. रेघ नेहमीसारखी सैल नव्हती. दाबून, घाईने, कुठे दोनदा गिरवून काढलेली. शेवटी त्या फटीच्या पलीकडे एकच आडवी रेघ आली, समुद्राची.

अनंगभाई भिंतीकडे बघत होते. हातातलं पेन कंकुबेनजवळ, आणि भिंतीवर रेघा चाललेल्या. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी घाईने पेन मागून घेतलं.

"मी तर नुसता गोल काढला होता," कंकुबेन सावकाश म्हणाल्या.

"मशीन आहे, बेन," अनंगभाई म्हणाले. "ऐकून समजून घेतं."

"एवढं समजून घेणारं? माझ्या लग्नाच्या वेळी कुठे होतं हे मशीन!"

मी हसले. हसायलाच पाहिजे होतं.

मग कंकुबेननी हात धुवायला मोरी विचारली. मी उठेपर्यंत त्या बाहेर पडल्या आणि भलतंच दार उघडलं. मी मागोमाग पोचले तेव्हा त्या अमोनियाच्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. आत बीजल, कानात हेडफोन, हातात पेन, मांडीवर उजळलेल्या काचेत तेच वसतिगृह, तोच ओटा. घामाने तिचे केस कपाळाला चिकटलेले.

कंकुबेननी आधी काचेकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"ते मशीन तूच होय?"

बीजलने हेडफोन काढले. 

"जेवलीस?"

तिने मान हलवली. नाही.

"मशीनला पण तेल घालावं लागतं." कंकुबेननी पिशवीतून सुखडीचा डबा काढला, दोन वड्या तिच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "कधी पाहिलास समुद्र?"

"नाही."

"मग एवढं कसं कळलं?"

बीजलने त्या बंद झरोक्याकडे बघितलं. "आत बसायचं मला कळतं," ती म्हणाली.

कंकुबेननी दार ओढून घेतलं, हात धुतले, बैठकीत येऊन बसल्या.  त्या अनंगभाईंना म्हणाल्या, "पसंत आहे. पण ती मागची तिरकी भिंत आणि तो ओटा, यातली एक रेघ हलवलीत तर काम दुसऱ्याला देईन. आणि जागेवर तुमचं ते मशीन पाठवत जा. मला तुम्ही नकोत."

अनंगभाई समजायचं ते समजले. त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी हात जोडून त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं.

सगळे घरी गेल्यावर त्यांनी बीजलला बोलावलं. मी कुलपं लावत होते. त्यांनी मला जा म्हटलं नाही.

"हे तुला कोणी काढायला सांगितलं होतं?"

"त्यांनी काय काढलं ते मला दिसत नव्हतं, अनंगभाई."

"मग थांबायचं. मी सांभाळून घेतलं असतं."

"कसं?"

 ते टेबलाची कड धरून उभे राहिले. "मी आयुष्यात कधी असली भिंत काढली नाही. चाळीस वर्षांचं काम आहे माझं. लोक काय म्हणतील? बीजल, एक लक्षात ठेव. माझ्या नावावर तुझं काही काढायचं नाही."

ती हसली. तिला आवरेचना. तोंडावर ओढणी धरून हसत राहिली, आणि मग ते हसणं नव्हतंच.

"मग माझं कुठे काढू?" ती म्हणाली. "सांगा ना. कुठे काढू?"

अनंगभाईंनी चष्मा उचलायला हात पुढे केला. बोटं इतकी हलत होती की काडी पकडता येईना. चष्मा फरशीवर पडला.  मग बीजलनेच तो उचलला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि त्यांच्या कानांवर नीट बसवला. ती हे रोज करायची. त्यांचं बटण लावणं, पाण्याचा पेला धरणं, फोनचा नंबर फिरवणं. तिला त्यांचा राग येत होता आणि तिचे हात आपोआप ते करत होते. मला वाटतं, तिला कुलूप कुठलं होतं तर ते हेच.

"तू गेलीस तर माझा हात गेला," ते खाली बघून म्हणाले.

"माझं नाव तुमच्या नावाशेजारी टाका. एवढंच. मी जात नाही."

"टाकू. वेळ आली की टाकू."

वेळ आली नाही. दुसऱ्या आठवड्यात सुहासिनीबेन घरी केलेला गरम हांडवो घेऊन ऑफिसात आल्या. बीजलजवळ बसल्या, तिचा हात हातात घेतला. "बेटा, मला सगळं कळतं. मी तुला राहा म्हणणार नाही. पण ते घरी बसले ना, की संपतील. सकाळी उठून बूट घालायला त्यांना काहीतरी कारण लागतं." आणि रडल्या. मग ती काय जाणार?

कंकुबेनच्या वसतिगृहाचं बांधकाम सुरू झालं तेव्हा बीजल पहिल्यांदा मांडवीला गेली. अनंगभाईंनी दोनच दिवसांची रजा दिली, कारण तिसऱ्या दिवशी बैठक होती. पुढेही तसंच. जायची, भिंतीची ओळ बघायची, ओट्याची उंची स्वतः बसून ठरवायची, रात्रीच्या बसने परत येऊन सकाळी त्या खोलीत. उद्घाटनाला दाराशी दगडी पाटी लागली. विश्वस्तांची नावं, देणगीदारांची नावं, आणि खाली 'वास्तुकार : अनंग मजमुदार'. कंकुबेन विश्वस्तांशी भांडल्या होत्या. विश्वस्त म्हणाले, ऑफिसात काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव टाकायचं तर भिंत पुरायची नाही. अनंगभाई तेव्हा तिथेच खुर्चीत होते. ते काही बोलले नाहीत.

त्या दिवशी मी बीजलला शोधत मागे गेले. ती त्या ओट्यावर मुलींच्या ओळीत बसली होती. मुली फटीतून होड्या मोजत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. ही कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. एक लहान मुलगी तिला म्हणाली, "दीदी, जरा सरका ना, तुम्ही आमची जागा अडवलीय." बीजल सरकली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. इतकं सुखी मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

त्यानंतरच्या थंडीत अनंगभाई गेले. त्यांच्या बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, अर्धं शहर लोटलं. भिंतीभर त्यांची रेखाटनं लावलेली. मुद्दाम, लोकांच्या आग्रहाखातर, शेवटच्या वर्षांतली. एक प्राध्यापक त्या तिरक्या भिंतीच्या चित्रापाशी उभे राहून सांगत होते की साठीनंतर माणूस स्वतःला मोडून पुन्हा घडवतो, हे बघा उदाहरण. बीजल रांगेत होती, पांढरा पंजाबी ड्रेस घातलेला. तिने फोटोला हात जोडले. सुहासिनीबेननी तिला जवळ ओढून घेतलं तेव्हा ती हमसून हमसून रडली. ते रडणं खोटं नव्हतं. त्या माणसाने तिला घर कसं ऐकायचं ते शिकवलं होतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आता तरी सांग. आता कोणाचं नुकसान आहे?"

"त्यांचंच," ती म्हणाली. "आता ते उत्तर देऊ शकत नाहीत."

ऑफिस बंद झालं. ती भुजला गेली, कंकुबेनच्या ओळखीने. तिथे एक लहानसं ऑफिस आहे, जुन्या घरांची मोजणी करून डागडुजीचे नकाशे बनवतं. टेप धरायची, आकडे घ्यायचे, संगणकावर रेघ ओढायची. आहे तीच भिंत, आहे तेवढीच. नवं काही काढायचं नाही. लोक कधी म्हणतात, ताई, एक खोली वाढवायचीय, जरा हाताने काढून दाखवा ना. ती म्हणते, मला नाही येत.

मागच्या वर्षी माझ्या भाचीच्या लग्नाला मी भुजला गेले तेव्हा तिच्याकडे उतरले. दोन खोल्या, खिडक्या सताड उघड्या, वारा असा की कॅलेंडर भिंतीवर ठरत नव्हतं. सकाळी मला जाग आली तर ती खाटेवर मांडी घालून काहीतरी काढत होती. साध्या वहीच्या कागदावर, पेन्सिलीने. डाव्या हाताने.

मी उठून बघायला गेले. तिने लपवलं नाही. एक शेळी होती, चार पाय चार दिशांना. एक पाण्याची टाकी, कलंडलेली. बालवाडीतल्या मुलाने काढावं तसं.

"हे काय गं?"

"रोज काढते थोडं. हे कोणासारखंच नाहीये," ती म्हणाली. कागद लांब धरून तिने बघितला. "शेळी जमते. झाड जमायला लागलंय. घर नाही येत अजून. घर काढायला गेले की डाव्या हातातही अनंगभाईच येतात."

"येईल हळूहळू."

"बघू."

तिने कागद उशीखाली सरकवला, केस बांधले आणि म्हणाली, चला, भूक लागली असेल, खाली दाबेलीवाला लवकर उघडतो. आम्ही चपला घालून खाली उतरलो.